ग्वोझ्देनी नावाचा जंतू

६ जून, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. मोठा शोध लागला की पुढे लोक तारखेवरून भांडतात. माझ्याकडे तारीख लेखी असेल.
काल निकाल आला. ओब्राद नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात रास्पबेरीच्या बुंध्याशी अक्रोडाएवढी गाठ सापडली होती. तिच्यातून निघालेला जंतू जगात कुणाशीच नीट जुळत नाही. सगळ्यांत जवळच्या भाऊबंदाशी जुळणी ९७.१ टक्के. ९८.७ च्या खाली गेलं की नवी जात म्हणायला हरकत नसते. म्हणजे मी, डॉ. ग्वोझ्देन तेओफिलोविच, वय त्रेपन्न, फळझाडांच्या रोगांचा तज्ज्ञ, अकरा वर्षं बढतीच्या रांगेत, याने नवी जात शोधली.
(गाठ स्तानिकाबाईंनी कापली. जंतू त्यांनी वाढवला. तपासायला त्यांनी पाठवला. पण मळ्यापर्यंत गाडी मी चालवली होती.)

७ जून
नाव ठरलं. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम ग्वोझ्देनी. आरशासमोर पाच वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. बायकोने, विदाने, बाथरूमच्या दारावर थाप मारून विचारलं, पोट बिघडलंय का.
संकल्प: १) पहाटे पाचला उठणे. २) रोज पाचशे शब्द लिहिणे. ३) ऑफिसात रकिया बंद (घरची फळांची दारू असली तरी). १ सप्टेंबरला पेपर जर्नलकडे.

८ जून
एक अडचण. या धंद्यात आपल्या हाताने आपलंच नाव जंतूला द्यायचं नाही अशी रीत आहे. निर्लज्जपणा समजतात. नाव दुसऱ्या कुणीतरी ठेवलं पाहिजे, तेही स्वतःहून.
स्तानिकाबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. आमच्या प्रयोगशाळेत त्या तेवीस वर्षं तंत्रज्ञ आहेत, ऑक्टोबरमध्ये निवृत्त होतील. म्हणाल्या, “मग जंतू कुणाला तरी द्या डॉक्टर. ज्याला द्याल तो तुमचं नाव ठेवील.”
हसलो. द्या म्हणे! बिचारीला जग माहीत नाही.

१२ जून
स्तानिकाबाईंचा धोशा. नवी जात मान्य व्हायची तर जिवंत जंतू दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो, तिथून कुणीही मागवू शकतो, तर आत्ताच पाठवू या, इत्यादी. नियम मलाही ठाऊक आहे. पण आत्ता पाठवणं म्हणजे घराची किल्ली चोराच्या हातात देऊन बाजाराला जाणं. आधी पेपर, मग जंतू.
पाचला उठलो नाही. गजर सौम्य होता.

१९ जून
सेगेदहून एका डॉ. एमेशेबाईंची मेल. वसंतातल्या परिषदेत मी चहाच्या वेळी या गाठीबद्दल दोनचार गोष्टी सूचकपणे बोललो होतो, त्या हिने बरोबर हेरलेल्या दिसतात. पूर्ण जीनोम फुकट वाचून देते म्हणे. फुकट! हंगेरीहून आमच्याकडे आजवर फुकट काय आलंय?
मेलबॉक्समध्ये नवा फोल्डर केला. नाव: ‘चोर’. सेगेदची मेल आली की न उघडता आपोआप त्यात जाईल अशी सोय केली. यात दीड तास गेल्यामुळे पाचशे शब्द राहिले.

३ जुलै
पेपरची प्रगती: शीर्षक पूर्ण. आभारही पूर्ण (दोन पानं).

११ जुलै
टीव्हीवर! सकाळच्या कार्यक्रमात, नऊ मिनिटं. रास्पबेरीच्या गाठींवर काय करावं? कॅमेऱ्याकडे रोखून पाहत म्हणालो, “दयामाया नको. झुडूप मुळासकट उपटा आणि जाळा.” निवेदिकेच्या अंगावर काटा आला. (विदाच्या मते स्टुडिओत एसी होता.)
सल्ला शास्त्रशुद्ध होता. तसं कुणी करणार नाही हे वेगळं. वीस वर्षं या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना सांगतोय. पालथ्या घड्यावर पाणी. मी छाटा म्हटलं की ते खत घालतात.

३१ जुलै
उद्यापासून समुद्र. स्तानिकाबाईंनी सह्यांचा गठ्ठा आणला, फॉर्म, पावत्या, टपाल, काय काय. म्हणाल्या, “एकदा वाचून घ्या डॉक्टर.” बस सुटायला दोन तास होते. मोठी माणसं वाचत नाहीत, सही करतात. चाळीस सह्या केल्या.

ऑगस्ट
ऑगस्टमध्ये कुणी लिहीत नाही.

९ सप्टेंबर
कामाचा झपाटा. जंतूचं रीतसर वर्णन सुरू: आकार, हालचाल, किती उष्णतेत वाढतो, किती मीठ सोसतो. प्रयोग स्तानिकाबाई करतात, घड्याळ मी बघतो. त्या याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, पण वेळ अचूक असणं महत्त्वाचं असतं.
रंगावरून वाद. बशीतल्या वसाहतींना मी ‘मावळत्या उन्हाचा सोनेरी’ लिहिलं. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, हा सायीचा रंग आहे. काइमाकसारखा.” शास्त्रात काइमाकला जागा नाही असं मी ठणकावलं. त्या म्हणाल्या, शास्त्रात मावळत्या उन्हालाही नाही.
एकूण लिखाण: दीड पान.

२ ऑक्टोबर
‘चोर’ फोल्डरवर आकडा: ९. उघडला नाही. भुंकणाऱ्या कुत्र्याकडे वळून बघू नये.

१४ ऑक्टोबर
कट. डायरेक्टर दोनदा प्रयोगशाळेत आले आणि दोन्ही वेळा त्यांनी फ्रीज उघडला. दूध शोधत होते म्हणे. कॉफी काळी पिणारा माणूस!
निर्णय घेतला. जंतूच्या सहा उत्तम नळ्या माझ्याबरोबर घरी. बाकी सगळ्या नष्ट करा असा स्तानिकाबाईंना लेखी हुकूम. त्यांनी विचारलं, “सगळ्या?” मी म्हटलं, सगळ्या. त्या म्हणाल्या, “बरं, डॉक्टर.” शिस्त अशी असावी.
घरी फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, लोणच्याच्या मिरच्यांमागे ठेवल्या. वर लॅटिनमध्ये ‘हात लावू नये’ लिहिलं, म्हणजे कुणाला संशय येणार नाही.

३० ऑक्टोबर
स्तानिकाबाईंचा निरोपसमारंभ. मी चाळीस मिनिटं बोललो, त्यातली अडतीस माझ्या जंतूवर. काही जणांच्या डोळ्यांत पाणी होतं. (सॅलडसाठी चिरलेला कांदा खिडकीजवळ ठेवला होता.)
जाताना त्या दोनदा माझ्याजवळ आल्या. “डॉक्टर, त्या सेगेदच्या मेलचं तेवढं उत्तर द्या हो. तारीख उलटून जाईल.” म्हणजे त्यांनाही फितवलंय! थंडपणे म्हटलं, पेन्शन शांतपणे उपभोगा.
उद्यापासून जोरात लिहिणार.

१६ नोव्हेंबर, दुपारी
आज जुर्जित्स, आमच्या घराण्याच्या संताचा सण. आमंत्रण कुणालाच नसतं आणि येतात सगळे. विदा तीन दिवस स्वयंपाकघरात आहे. सारम्याचं, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचं, पातेलं एवढं मोठं की ते ठेवायला फ्रीज रिकामा केला म्हणाली. मी भाषणाची तयारी करत होतो, लक्ष दिलं नाही. जेवणानंतर पाहुण्यांसमोर नव्या जातीची अधिकृत घोषणा.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळी
ते मेले. सगळे.
पाद्री आले, मेणबत्ती लागली, गहू आणि पोळीला आशीर्वाद झाला. मग पवित्र पाणी शिंपडायला त्यांनी टेबलावरची बेसिलची डहाळी उचलली. डहाळी एका काचेच्या नळीत होती. तशा सहा नळ्या टेबलावर ओळीने, प्रत्येकीत एकेक डहाळी. फार सुंदर दिसत होत्या. एकीवर ‘हात लावू…’ एवढं अजून वाचता येत होतं.
मी ओरडलो. पाद्रींना वाटलं मला देव दिसला.
विदा आरोग्य केंद्रात बत्तीस वर्षं नर्स आहे. सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, “जंतूंच्या नळ्या? सारम्याच्या शेजारी? मला हात धुवायला शिकवतोस आणि घरात हे पाळतोस? वीस मिनिटं उकळल्या. दोनदा!” पाहुण्यांनी तिची बाजू घेतली. तिचा भाऊ म्हणाला, “अरे, जंतूच ना? दुसरा पकड.”
घोषणा केली नाही.

१७ नोव्हेंबर
घाबरायचं कारण नाही. झाड तर जागेवर आहे. ओब्रादच्या मळ्यात तिसऱ्या ओळीत बावीस झुडपं गाठींनी लगडलेली. परवा जातो, गाठ कापतो, पुन्हा जंतू वाढवतो. उलट ताजा मिळेल.
संध्याकाळी स्तानिकाबाईंचा फोन आला. उचलला नाही. नळ्या नीट आहेत ना, हेच विचारतील.

१९ नोव्हेंबर
तिसरी ओळ नाही. चौथीही नाही. काळी माती आणि राख.
ओब्राद छाती पुढे काढून उभा होता. “डॉक्टर, टीव्हीवर तुम्ही सरळ माझ्याकडेच बघून बोललात. बायको म्हणाली, ओब्राद, हा तुलाच सांगतोय. तोडणी आटोपली आणि त्याच आठवड्यात सगळं उपटलं. जाळलं! शेजारी हसले, म्हटलं हसा. मी डॉक्टरांचं ऐकणार.”
मी विचारलं, एखादं झुडूप चुकून राहिलं असेल? तो दुखावला. “मी काय अर्धवट काम करणारा माणूस आहे?”
वीस वर्षांत या खोऱ्यात एकाने माझं ऐकलं. त्याने वर मला दोन लिटर रकियाही दिली, कृतज्ञता म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

८ डिसेंबर
स्तानिकाबाईंचा फोन, तिसरा. उचलला नाही. काय सांगू? तेवीस वर्षांत त्यांच्या हातून एक नळी मेली नाही, माझ्या हातून महिन्याभरात सहाच्या सहा.

१० जानेवारी
ओब्रादच्या मळ्यात खणतोय. मुळांचे तुकडे, राखेखालची माती, जे मिळेल ते. उणे नऊ अंश. ओब्राद कुंपणाशी उभा राहून सल्ले देतो. मी ऐकत नाही.

२ फेब्रुवारी
अकरा जंतू वाढवले. दहा साधे मातीतले. अकराव्यावर लगेच ‘ग्वोझ्देनी’ची चिठ्ठी लावली, तर तो माझ्या शिंकेतला निघाला. ताप १०१. विदाने नाक तपासलं आणि हात दोनदा धुतले. ते दुसऱ्यांदा धुणं फार लागलं.

१८ मार्च
अखेर जगाला माझी आठवण झाली! जर्नलच्या संपादकांची मेल: रास्पबेरीच्या गाठींवर एक पेपर आलाय, आपण या विषयातले जाणकार, परीक्षण कराल का? वाचायच्या आधीच होकार कळवला. परीक्षकाचं नाव लेखकांना कळत नाही, पण त्याच्या शब्दावर पेपर जगतो किंवा मरतो. शब्द वापरायची लायकी लागते.

१८ मार्च, संध्याकाळी
माझा जंतू!! जिवंत! दोन देशांतल्या दोन संग्रहांत, आकड्यांसकट! लेखिका: डॉ. एमेशे, सेगेद. दुसरी लेखिका: स्तानिका वुकोमानोविच, निवृत्त. आणि नव्या जातीचं नाव अ‍ॅग्रोबॅक्टेरियम स्तानिके.
मुळात हा पेपर माझ्याकडे यायलाच नको होता, मी यातला पक्षकार आहे. संपादकांना कळवणं माझं कर्तव्य आहे. ते मी करणार नाही.

२१ मार्च
परीक्षण तयार. नऊ पानं. निष्कर्ष: ‘पूर्णपणे नाकारावा’.
पाठवण्याआधी स्तानिकाबाईंच्या गावी जाऊन जाब विचारणार. ताठ मानेने. गुप्ततेचा नियम असल्यामुळे परीक्षणाबद्दल चकार शब्द काढणार नाही.

२२ मार्च
गेलो. त्यांनी दारातच आधी चमचाभर मुरांबा आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. तोंडात मुरांबा असताना जाब विचारता येत नाही. दुसऱ्या चमच्याला परीक्षणाचं सगळं सांगून टाकलं.
“नऊ पानं?” त्या म्हणाल्या. “जंतूचं वर्णन लिहा म्हणत होते तेव्हा तुमचं दीड पान झालं होतं.”
मी म्हटलं, तुम्ही चोरी केलीत. त्या उठल्या आणि कागद घेऊन आल्या. दोन्ही संग्रहांचे फॉर्म, तारीख ३१ जुलै, खाली सही माझी. समुद्राला जायच्या दिवशीची. “वाचून घ्या म्हटलं होतं. जिवंत वस्तू एका फ्रीजच्या भरवशावर ठेवतात का, डॉक्टर? फ्रीजच्या, नाहीतर एका माणसाच्या?”
मग म्हणाल्या, तुमचं उत्तर येईना म्हणून सेगेदच्या त्या मुलीने मला फोन केला आणि संग्रहातून जंतू रीतसर मागवून घेतला. “आणि नावाचं तर आम्ही तुम्हाला आधी विचारलं. कितीदा विचारलं! उत्तर नाही. मी फोन केले, तुम्ही उचलले नाहीत. शेवटी ती म्हणाली, मग मी तुमचंच ठेवते. मी नको म्हणत होते. माझ्या सुनेला अजून सांगितलेलं नाही, हसेल ती. जंतूला सासूचं नाव!”
काय विचारलं होतं, हे मी विचारलं नाही. घरी आलो.

२२ मार्च, घरी
‘चोर’ उघडला. चौदा मेल. नववी १ ऑक्टोबरची आहे. उतरवून ठेवतो:
‘आदरणीय डॉ. तेओफिलोविच, ही जात आपण शोधलीत. वर्णन आपल्याबरोबर लिहायला आवडेल. पहिलं नाव आपलं असावं. ते नको असेल तर निदान जातीला आपलं नाव देण्याची परवानगी द्यावी. ग्वोझ्देनी हे नाव आम्हा दोघींना छान वाटतं. आपण जिवंत आहात, तेव्हा आपल्या संमतीशिवाय करणं बरं दिसणार नाही. ३१ डिसेंबरपर्यंत कळवावं.’
उरलेल्या पाच मेल म्हणजे त्याचीच आठवण. शेवटच्या मेलमध्ये ती विचारते, माझी तब्येत बरी आहे ना.
फार वाईट वाटलं. लाजही वाटली. इथे लिहून ठेवतो, इथे वाचणारं कुणी नाही.

२३ मार्च
पण अजून वेळ गेलेली नाही! परीक्षकाला नावावर आक्षेप घेता येतो. नऊ पानं फाडली. नवीन लिहिलं: ‘पेपर उत्तम. मात्र जातीला मूळ संशोधकाचं नाव देणं उचित ठरेल, उदाहरणार्थ डॉ. ग्वोझ्देन तेओफिलोविच, ज्यांची नम्रता सर्वज्ञात आहे.’ निनावी असल्यामुळे कुणाला कळणारही नाही. ‘नम्रता’ दोनदा बदलून पाहिलं. नम्रताच बरं आहे.

२५ मार्च
अजून पाठवलं नाही. तीन वेळा पाठवायला बसलो. दर वेळी स्तानिकाबाई मुरांब्याच्या बशीसकट दारात दिसतात. तेवीस वर्षं आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर पाटी आहे, तिच्यावर माझं नाव आहे, डायरेक्टरांचं आहे, फ्रीजच्या कंपनीचंसुद्धा आहे. त्यांचं नाही.
विदाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, भांड. ती भाजी चिरत होती. म्हणाली, “जगवला कुणी?” आणि पुढे चिरत राहिली.

२६ मार्च
नावाबद्दलचं ते वाक्य काढून टाकलं. कारण: तेओफिलोविच हे आडनाव लांब आहे, छापणाऱ्यांना त्रास होतो.
पाठवलं: ‘पेपर स्वीकारावा. एकच दुरुस्ती: वसाहतींचा रंग मावळत्या उन्हाचा सोनेरी लिहावा.’

२० सप्टेंबर
पेपर छापून आला. रंग: साय.
सगळा तीनदा वाचला. पहिल्या पानावर मी नाही. मळ्याचा उल्लेख आहे, ओब्रादचे नावासकट आभार आहेत, त्याचं शेजाऱ्यांना दाखवून झालंही असेल. मग अगदी शेवटी, बारीक अक्षरांत सापडलं.
विदाला बोलावलं. तिने चष्मा लावला आणि विचारलं, “यात तू कुठे?”
मी त्या ओळीवर बोट ठेवलं. तिने वाचलं: ‘एका अनामिक परीक्षकाचे मनःपूर्वक आभार.’
ती म्हणाली, “इथे तर नाव नाही.”
मी म्हटलं, “हो. पण तो मी आहे.”